मदत हवी आहे: नेट नसताना एडिटरमध्ये एफवन दाबलं की पायथनचं डॉक्युमेंटेशन उघडावं, कसं करू?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कोयनानगरच्या बाजूला अकरावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना मी पायथन शिकवते. कऱ्हाडहून आणलेली १० सेकंडहँड मशीन आहेत. नऊवर विंडोज १०, एकावर डेबियन लिनक्स (भाच्याचा उद्योग). जून लागला की नेट आमच्याकडे पाहुण्यासारखं येतं. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर मशीन चालतात, पण टॉवरच मान टाकतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आणि त्याच्या पायथ्याशी आम्ही मेणबत्ती शोधतोय. असो, तो वेगळा धागा होईल.

परवाची गोष्ट. हजेरीच्या फाइलमधली ओळ तोडायला एका मुलीनं स्प्लिट वापरलं, कंसात एक स्पेस देऊन. ओळीत नंबर आणि गाव यांच्यामध्ये चुकून दोन स्पेस पडल्या होत्या. लिस्टमध्ये दोनाऐवजी तीन गोष्टी आल्या, मधली रिकामी. "मॅडम, हे रिकामं कुठनं आलं?" मला उत्तर ठाऊक होतं, पण म्हटलं, डॉक्युमेंटेशन बघ की. तिनं स्प्लिटवर कर्सर नेला आणि एफवन दाबलं. व्हीएस कोड या आमच्या एडिटरमध्ये एफवनला कमांड पॅलेट, म्हणजे एडिटरच्याच आज्ञा शोधायची पेटी, उघडतं. तिनं त्यात स्प्लिट टाइप करून एंटर मारलं, तर एडिटरच मधोमध चिरला आणि एकाच फाइलच्या दोन खिडक्या झाल्या. सगळा वर्ग हसला, ती बिचारी ओशाळली. शेवटी उत्तर मीच दिलं, म्हणजे माझा हेतू बोंबलला.

मला हवंय ते एवढंच: शब्दावर कर्सर, एक बटण, समोर उदाहरणांसकट माहिती. नेट नको आणि पोरांना वेगळं काही बसवायला लागू नये. "हवं त्यानं बसवून घ्या" म्हटलं की दहातला एक बसवतो, हा अनुभव आहे.

करून बघितलेलं (मोबाइलवरून लिहितेय, कमांड देवनागरीतच येतील, सांभाळून घ्या): आयडलमध्ये (पायथनबरोबर येणारा साधा एडिटर) एफवन दाबलं तर डॉक्युमेंटेशन उघडतं, नेट बंद असतानाही उघडलं, पण थेट पहिल्या पानावर; शब्दाचा पत्ता नाही. हेल्प फंक्शन चालतं, पण त्यासाठी एडिटर सोडून शेलमध्ये जावं लागतं.

विश्रामबागकर

ताई, व्हीएस कोडमध्ये शब्दावर माउस नेला की चौकट येते ना? कीबोर्डवरून कंट्रोल-के, मग कंट्रोल-आय. पायथनचं एक्स्टेंशन एकदा फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवरून सगळीकडे टाकता येतं. नेट लागत नाही. मग अजून काय पाहिजे?

कोयनाकाठ

सर, चौकट येते. पण त्यात येतो तो डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनबरोबर लिहिलेल्या चार ओळी. "रिकाम्या स्ट्रिंग टाकून देतो" एवढं त्यात असतं, पण आधी रिकामी स्ट्रिंग येतेच का, ते पोरांना त्यावरून उमगत नाही. लायब्ररी रेफरन्समध्ये दोन स्वल्पविराम लागोपाठ देऊन काय होतं ते करून दाखवलंय. मला ते पान हवंय. शिवाय माउस हलला की चौकट गुल.

जुनाटर्बो

टर्बो सी आठवलं! निळा स्क्रीन, शब्दावर कर्सर, कंट्रोल-एफवन. फंक्शनची माहिती आणि खाली चालणारा अख्खा नमुना प्रोग्राम. आम्ही सांगलीत कॉलेजला असताना पुस्तक एकच आणि वर्गात पोरं साठ, तेव्हा प्रॅक्टिकलचे नमुने सगळे तिथनंच उचलायचो. मदतीची फाइल एडिटरबरोबरच यायची, इंटरनेट कुणी पाहिलं होतं! आता जीबीच्या जीबी एडिटर बसवायचा आणि माहितीला मात्र ब्राउझरकडे पळायचं. प्रगती म्हणायची का हो ही?

पेंग्विनदादा

दादा, टर्बो सी एका भाषेपुरतं होतं. व्हीएस कोड शेकडो भाषांना चालतो, तो कुणाकुणाची पुस्तकं पाठीवर वागवणार? भाषेनं स्वतःची माहिती सोबत द्यावी हे खरं. रस्ट ही भाषा देते. नेहमीच्या पद्धतीनं बसवलं की पुस्तकं डिस्कवर येतात, 'रस्टअप डॉक' म्हटलं की नेटशिवाय उघडतात.

डेबियनची तऱ्हा निराळी. तिथं पर्ल भाषेची माहिती दाखवणारी पर्लडॉक कमांड चालवली तर तीच सांगते की आधी पर्ल-डॉक पॅकेज बसवा. ईमॅक्स एडिटरची मॅन्युअल तर मुख्य भांडारातसुद्धा नाहीत. त्यातले काही भाग बदलायला परवाना मनाई करतो, आणि असं पुस्तक आमच्या व्याख्येत मुक्त बसत नाही, असा कौल डेबियनच्या लोकांनी २००६ मध्ये मतदानानं दिला. पायथनला ती अडचण नाही. 'पायथन३-डॉक' पॅकेज मुख्य भांडारात आहे, फक्त वेगळं मागावं लागतं. ताई, तुमच्या डेबियन मशीनवर ते टाकून घ्या.

घाटमाथा

मुद्द्यावर येतो. आयडलचं एफवन नेटशिवाय चाललं, म्हणजे डॉक्युमेंटेशन तुमच्या डिस्कवर आधीच आहे. विंडोजचा इन्स्टॉलर ते सोबत आणतो (पूर्वी एकच सीएचएम फाइल यायची, आता एचटीएमएल पानं). अडचण फक्त शब्दावरून पानावर उडी मारायची आहे.

त्यासाठी झील वापरा, नेटशिवाय डॉक्युमेंटेशन शोधून दाखवणारा प्रोग्राम. फुकट आहे, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. पायथनचा डॉकसेट (झीलसाठी बांधलेलं डॉक्युमेंटेशन) नेट असताना एकदा उतरवा आणि ते फोल्डर बाकीच्या मशीनवर कॉपी करा. मग व्हीएस कोडमध्ये युजर टास्क, म्हणजे बाहेरचा प्रोग्राम चालवायची नोंद, लिहा: कमांड म्हणून झीलचा पूर्ण पत्ता, आर्ग्युमेंट म्हणून निवडलेला मजकूर (सिलेक्टेड टेक्स्ट नावाचा व्हेरिएबल आहे). कीबाइंडिंगमध्ये एफवनला तो टास्क जोडा. कमांड पॅलेट कंट्रोल-शिफ्ट-पी वर राहतंच, त्यामुळे काही गमवायचं नाही. टास्क आणि कीबाइंडिंगच्या दोन्ही फाइली ॲपडेटा, रोमिंग, कोड, युजर या फोल्डरात असतात. त्या पेनड्राइव्हवर घेऊन नऊ मशीनवर फिरवा. पाव तासाचं काम.

कोयनाकाठ

पाव तासाचं काम शनिवार दुपार खाऊन झालं, पण झालं!

अडखळले कुठे ते सांगते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. झील "प्रोग्राम फाइल्स"मध्ये बसलंय आणि या नावात मधे स्पेस आहे. टास्क शेलमधून चालत होता, त्यानं पत्ता त्या स्पेसपाशीच तोडला आणि "प्रोग्राम" नावाची कमांड शोधत बसला. ती मुलगी शेजारीच उभी होती. म्हणाली, "मॅडम, यानंपण स्प्लिट केलं." टास्कचा प्रकार शेलऐवजी प्रोसेस केला आणि मिटलं. खाली टर्मिनल उगाच वर यायचं, ते रिव्हील "नेव्हर" करून गप्प केलं.

आता शब्दावर डबलक्लिक, एफवन, झील समोर. एक गंमत मात्र अपेक्षित नव्हती. स्प्लिट शोधलं की एक पान येत नाही, यादी येते: स्ट्रिंगचं, बाइट्सचं, रेग्युलर एक्स्प्रेशनचं, शिवाय फाइलचा पत्ता तोडणारं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं रेग्युलर एक्स्प्रेशनच्या पानावर जाऊन गरगरली. आता नियम केलाय: आधी माउस नेऊन चौकटीत बघायचं की आपलं स्प्लिट कुणाचं, मग झीलमध्ये तेवढंच उघडायचं. विश्रामबागकर सर, तुमची चौकट अशी कामी आली.

एक प्रश्न उरला. डेबियनच्या मशीनवर भाच्यानं व्हिम एडिटर शिकवलंय. तिथं लेन या फंक्शनवर कर्सर नेऊन मोठा के दाबला की पायडॉकची (पायथनसोबतचं माहिती दाखवणारं साधन) माहिती छान येते. स्प्लिटवर दाबलं तर "सापडत नाही" म्हणतं. का?

पेंग्विनदादा

कारण व्हिम पायडॉकला नुसता कर्सरखालचा शब्द देतं. लेन बिल्टइन आहे, ते सुट्या नावानं सापडतं. स्प्लिट कुणाचं तरी असतं, म्हणून पायडॉकला एसटीआर डॉट स्प्लिट असं पूर्ण नाव लागतं. तुमच्या कोडमध्ये तर ओळ-डॉट-स्प्लिट असणार, आणि तो ओळ व्हेरिएबल स्ट्रिंग आहे हे पायडॉकला कोण सांगणार? त्यासाठी व्हिमला लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड वाचून कुठलं नाव कशाचं ते एडिटरला सांगणारा प्रोग्राम, जोडावा लागेल. तोवर खालच्या ओळीवर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि उद्गारचिन्ह देऊन पायडॉक पूर्ण नावानं चालवा. आणि सोबत फॉर, व्हाइलसुद्धा शोधून बघायला सांगा. त्यांची माहिती पायथनबरोबरच येते, फार जणांना ठाऊक नसतं.

कोयनाकाठ

फॉर आलं! तेही उदाहरणासकट. भाच्याला सांगते लँग्वेज सर्व्हरचं, पण तो गणपतीलाच येणार आता. धागा तोवर उघडा राहू दे.