देणगीदार फक्त पैसे देतात?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलबद्दल कुणीतरी लिहिलंय, "प्रशिक्षक विद्यापीठच निवडतं, देणगीदार फक्त पैसे देतात, बाकी चाहत्यांच्या अफवा," ते मला अजिबात पटत नाही.

ऑबर्न विद्यापीठाचं 2003 आठवा. अलाबामाविरुद्धचा सामना दोन दिवसांवर, मुख्य प्रशिक्षक टॉमी ट्युबरव्हिल अजून पदावर, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष, क्रीडा संचालक नि दोन विश्वस्त त्याच्या जागेसाठी गुपचूप लुईव्हिल विद्यापीठाचा प्रशिक्षक बॉबी पेट्रिनोला भेटायला गेले. हा पेट्रिनो आदल्याच वर्षी ट्युबरव्हिलच्या हाताखाली होता! विमान कुणाचं? बडे देणगीदार आणि विश्वस्त बॉबी लाउडर यांचं. बिंग फुटलं, ऑबर्न तो सामना जिंकलं, चाहते ट्युबरव्हिलच्या पाठीशी उभे राहिले आणि जानेवारीत राजीनामा द्यावा लागला तो अध्यक्षांना. पुढच्या मोसमात त्याच ट्युबरव्हिलचा संघ 13 पैकी 13 सामने जिंकला.

म्हणून खासगी विमानांच्या फेऱ्यांवर डोळा ठेवणाऱ्या चाहत्यांना मी वेड्यात काढत नाही. मात्र विमान उतरलं की लगेच नव्या प्रशिक्षकाचं नाव जाहीर करू नका. त्या प्रशिक्षकाची पोरं उद्या शाळेत जाणार असतात, आणि त्याच्या खेळाडूंना शनिवारी सामना खेळायचा असतो.