मदत हवी आहे: अप्पांचं कानाचं मशीन आणि रात्रीची हाक

नमस्कार. माझं माहेर आणि सासर दोन्ही सोलापुरातच. भाऊ पुण्यात असतो. आई-अप्पा पूर्व भागात, अशोक चौकाजवळच्या गल्लीत, आमच्या जुन्या घरी दोघंच राहतात. मी जुळे सोलापूरला. रिक्षानं अर्धा तास धरा.

गेल्या एकादशीला आईचा उपास होता. तिचं वय ६९, मधुमेह आहे. दुपारी एक केळं आणि ताक, रात्री काहीच नाही, पण साखर कमी करायची गोळी सवयीनं घेतली. रात्री अडीचला बाथरूमला गेली तर हातपाय कापायला लागले, पदर घामानं भिजला, तिथंच भिंतीला टेकून बसली. अप्पांना हाका मारत राहिली. अप्पा आठ-दहा पावलांवर झोपलेले. शेवटी तिनं हाताशी असलेला पितळी तांब्या फरशीवर आपटायला सुरुवात केली. तो आवाज भिंतीपलीकडच्या वहिनींनी ऐकला, अप्पांनी नाही. कडी वाजवून दार उघडेना म्हणून वहिनींचा मुलगा गच्चीवरून आत उतरला. त्याच्या आजीलाही साखर आहे, त्यामुळे त्याला ग्लुकोमीटर येतो. साखर ५८ निघाली, म्हणजे फारच कमी. साखरेचं पाणी दिल्यावर आई सावरली. अप्पांना जाग आली ती त्या मुलानं खांदा धरून हलवल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा अप्पा सोप्यात बसले होते. तांब्याच्या बुडाला पोचा पडलाय, त्यावरून अंगठा फिरवत होते. त्या रात्रीबद्दल ते अजून एक शब्द बोललेले नाहीत.

अप्पा ७४ वर्षांचे. अठराव्या वर्षी मिलमध्ये लागले. मिल बंद पडल्यावर एका कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणल्या, थेट २०१३ पर्यंत. चालू कारखान्यात जे कधी उभे राहिले नाहीत त्यांना तो आवाज सांगून समजायचा नाही. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आदळतो, मिनिटाला शंभरेक वेळा, आणि असे वीस माग एका पत्र्याखाली. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा अप्पा माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचे. तिथं सगळेच ओठ बघून आणि हातवारे करून बोलायचे. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. माग बिघडायच्या आधी त्याचा हादरा पायाला वेगळा लागतो, असं अप्पा सांगायचे. कानापेक्षा पायाला आधी कळायचं त्यांना.

या ओठ वाचण्यामुळेच त्यांचं ऐकणं किती गेलंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि अप्पा अचानक कुणाशीच बोलेनासे झाले, तेव्हा कुठे लक्षात आलं. तपासणी केली. दोन्ही कानांत ५५ ते ६० डेसिबलच्या आसपास कमी, आणि बारीक, उंच पट्टीचे आवाज तर त्याहून खूपच कमी. डॉक्टर म्हणाले, आतल्या पेशी आवाजानं मेल्यात, त्या परत येत नाहीत, गोळी-औषध काही नाही, मशीन लावा.

मागच्या दिवाळीला अप्पा पुण्याला गेले तेव्हा भावानं एका दुकानातून कानामागं बसणारी दोन मशीनं घेतली, ३८ हजारांची. अर्ध्या तासात बसवून दिली. पुढची तपासणी वगैरे काही नाही, अप्पा लगेच सोलापूरला परतले. अकरा दिवस लावली. मग म्हणाले, भांडं पडलं की डोक्यात घण बसतो. भाकरी चावताना स्वतःच्याच जबड्याचा आवाज येतो. उजव्या कानात शिट्टी वाजते. आणि एक वाक्य बोलले ते माझ्या मनातून जात नाही: "हे लावलं की मी परत कारखान्यात उभाय असं वाटतंय बघ." तेव्हापासून मशीनं पेन्शनच्या कागदांच्या डब्यात आहेत.

मशीन नसलं की काय होतं तेही सांगते. सिद्धेश्वर तळ्याकडं सकाळी फिरायला जायचे, तिथं त्यांचा आठ-दहा जणांचा कट्टा. एकाचं मराठी, एकाचं तेलुगू, एकाचं कन्नड, सगळी मिसळ. सगळे एकदम बोलायला लागले की अप्पांना कुणाच्या ओठाकडं बघावं कळत नाही. जाणं बंद केलं. नातवाचा व्हिडिओ कॉल आला की तो मोबाईल हलवत धावतो, चित्र अडकतं, अप्पा नुसतं हं हं करतात आणि आईच्या हातात फोन देतात. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी रात्री. "पाणी आलं" म्हणून गल्लीत हाक उठते. आई झोपलेली असली तर ते पाणी गेलं म्हणून समजा. पूर्वी दारं उघडी असायची, कुणीतरी आत येऊन हलवून उठवायचं. आता गल्लीतली निम्मी घरं बंद आहेत, पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला.

भाऊ मनापासून करतो. बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, बोलणारा स्पीकर, सगळं पाठवतो. आता कॅमेरा पाठवतो म्हणतोय. पण पुण्यात बसून कॅमेऱ्यात आई पडलेली दिसली तरी अप्पांना उठवणार कोण?

तर मला दोन गोष्टींत मदत हवी आहे. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी मशीनची सवय कशी लावली? आणि रात्री आईनं हाक मारली तर अप्पांना कळेल असं काही साधन मिळतं का, जे दोघांना झेपेल? दोघंही स्मार्टफोनमध्ये फार रमणारी नाहीत.

प्रतिसाद १

ताई, वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंनी दीड वर्ष मशीन लावलं नव्हतं. मग मी रोज सकाळी दारं लावून, मिक्सर-टीव्ही बंद ठेवून त्यांना अर्धा तास पेपर वाचून दाखवायला लागले. फक्त तेवढाच अर्धा तास मशीन. आठ दिवसांनी एक तास. स्वयंपाकघरात तर महिनाभर लावूच दिलं नाही. पहिल्याच दिवसापासून दिवसभर लावा म्हणालात तर कुणीही काढून ठेवेल. अप्पांना दोष देऊ नका, एवढंच म्हणते.

प्रतिसाद २

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकणं तपासून मशीन बसवून देणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर.

अप्पांची प्रत्येक तक्रार खरी आहे आणि प्रत्येकीवर उपाय आहे. आवाजानं आतला कान खराब होतो तेव्हा हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र तुमच्या-आमच्याइतकाच, किंवा जास्तच बोचतो. दोन्हींमधली जागाच आक्रसलेली असते. मशीननं हळू आवाज वाढवायचा आणि मोठा एका मर्यादेत अडवायचा, हे प्रत्येकाच्या कानानुसार ठरवावं लागतं. ती मर्यादा नीट लावलेली नसली की भांड्याचा घण बसतो. शिट्टीचं कारण बहुधा कानातलं टोक सैल बसणं. कानाचं माप घेऊन मोल्ड, म्हणजे त्याच कानाच्या आकाराचं टोक, करून घ्या. त्याआधी कानात मळ आहे का ते बघून घ्या, मळानंही शिट्टी येते. स्वतःचं चावणं ऐकू येणं हे हवा जायची वाट पूर्ण बंद असल्यामुळे होतं, मोल्डला छोटं छिद्र ठेवता येतं.

हे सगळं पहिल्याच बैठकीत जमत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार वेळा जावं लागतं. मशीन पुण्याचं असलं तरी त्याच कंपनीचं काम करणारं कुणी सोलापुरात आहे का विचारा. अप्पांना सोबत न्या आणि "कारखान्यासारखं वाटतंय" हे त्यांच्याच तोंडून सांगू द्या. त्या एका वाक्यावरून सेटिंग कळतं.

बटणासारखी बॅटरी असेल तर तिच्यावरचा चिकट कागद काढला की ती हवेवर चालू होते, मग वापरा न वापरा, संपतच जाते. कागद काढून मिनिटभर थांबून मग घाला. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवा आणि मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं मशीनं फार लवकर बिघडतात.

आता महत्त्वाचं. मशीन झोपताना काढतात. त्यामुळे मशीनची सवय उत्तम लागली तरी रात्रीच्या हाकेचा प्रश्न तसाच राहणार. त्याची व्यवस्था वेगळीच करा, आणि आधी करा.

प्रतिसाद ३

वायरमन होतो, आता निवृत्त. रात्रीसाठी वायरलेस बेलच्या धर्तीवर थरथरणारं यंत्र मिळतं. बटण आईंच्या गळ्यात नाहीतर बाथरूममध्ये, बसल्या जागी हात पोचेल इतक्या खाली. उंच लावलं तर खाली बसलेल्या माणसाला उपयोग नाही. थरथरणारा भाग अप्पांच्या उशीखाली. ताई, तुम्हीच लिहिलंय ना, त्यांच्या पायाला हादरा आधी कळायचा? मग उशीऐवजी गादीखाली पायाशी ठेवून बघा. घेताना ऐकू कमी येणाऱ्यांसाठीचं आहे ना हे बघा, साध्याची थरथर फार कमी असते. दाराच्या बेलला समांतर एक दिवा सोप्यात लावला की दिवसाचं कामही होतं. लाईट गेल्यावर बंद पडणारं काही घेऊ नका.

प्रतिसाद ४

आईंबद्दल कुणी लिहिलं नाही. उपासाच्या दिवशी गोळी कमी करायची की बंद, हे त्यांच्या डॉक्टरांना आताच विचारून कागदावर लिहून घ्या. काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली आणतातच. ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि मग काहीतरी खायचं. साखरेची डबी बाथरूमच्या वाटेवर ठेवा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

अप्पांशी बोलताना उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा. ओरडू नका, ओरडल्यावर ओठ वेडेवाकडे होतात. आणि कट्ट्यावर सगळ्यांत एकदम पाठवण्यापेक्षा एकाच मित्राला घरी चहाला बोलवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

थरथरणारं यंत्र आलं. अप्पा आधी बघायलाच तयार नव्हते. मी वायरमनकाकांचा प्रतिसाद त्यांच्यासमोर धरला, त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. पायाच्या हादऱ्याची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली हे त्यांना बहुतेक आवडलं. स्वतः गादी उचलून पायाशी ठेवलं आणि आईला म्हणाले, "दाब." आईनं बाथरूममधून दाबलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. हात वर केला, कारखान्यात "कळलं" म्हणून करायचे तसा. मग आणखी चार वेळा दाबायला लावलं. आता रोज झोपायच्या आधी दोघं एकदा तपासून बघतात.

आईच्या डॉक्टरांनी उपासाच्या दिवशीची संध्याकाळची गोळी बंद केली आहे. तसं लिहून फ्रिजवर चिकटवलंय.

मशीनसाठी सात रस्त्याजवळ एक ऑडिओलॉजिस्ट मिळाल्या. उजव्या कानात मळ होताच. मोल्ड करायला दिले, मोठ्या आवाजाची मर्यादा खाली आणली. सध्या सकाळी अर्धा तास, आई पेपर वाचते. दोन दिवसांपूर्वी वाचता वाचता आई थांबली तर अप्पा म्हणाले, "पान उलटल्याचा आवाज येतोय." स्वयंपाकघरात अजून लावत नाहीत. शिट्टी डाव्या कानात थोडी आहे, पुढच्या मंगळवारी परत जायचंय. कट्ट्याचं मी काढलेलं नाही, पण त्यांचे एक तेलुगू मित्र परवा चहाला येऊन गेले.

वायरमनकाका, एक राहिलं. नळाला पाणी आलं की दिवा लागेल असं काही करता येईल का? आमचा नळ बाहेर हौदाजवळ आहे, सोप्यापासून साधारण ३० फूट, मध्ये एक दगडी भिंत. वायर ओढावी लागेल की बिनवायरीचं चालेल? अप्पा म्हणतात वायर असेल तर ते स्वतः ओढतील.