पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच

प्रश्न: डेस्कटॉप चालू केला की पंखे फिरतात, ८-१० सेकंदांनी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. स्क्रीनवर काहीच नाही, बीपही नाही. ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आहेत. पॉवर सप्लाय बदलावा का?

उत्तर: इतक्यात नको. अशी लक्षणं बहुतेकदा रॅमची असतात. वायर काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. दोन्ही रॅम काढून एकच लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. क्लिपचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत रॅम दाबा, अर्धवट बसलेली रॅमही वरून नीट बसल्यासारखीच दिसते. चालू झालं नाही तर दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये लावून पाहा. रॅमची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या.

उत्तर: प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबलही दाबून बघा. ती सैल असली तरी पंखे फिरतात. आणि बीप नाही याचा अर्थ लावू नका, बऱ्याच मदरबोर्डांना स्पीकरच जोडलेला नसतो. त्याऐवजी बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असे छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते सांगा.

उत्तर: एवढ्यानेही न झाल्यास सीमॉस (बोर्डची सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट करा: वायर काढलेली असताना बोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल चपटा सेल ५ मिनिटं बाहेर ठेवा. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी सेटिंग त्याने मूळ पदावर येते. विंडोजला हात लागत नाही.