हॅम्लेटला वाडी म्हणावं का?

ओहोळकाठ: क्रॉली या इंग्लंडातल्या शहरावरचा लेख मराठीत करतेय, पहिल्याच वाक्यात अडले. थ्री ब्रिजेस हे वर्थ पॅरिशमधलं (म्हणजे वर्थच्या चर्चच्या हद्दीतलं) हॅम्लेट, खेड्याहूनही लहान; आता शहराचा भाग. मी 'वाडी' लिहिलं, संपादकांनी खोडून 'खेडेगाव' केलं. म्हणे, वाडी म्हटलं की नारळ-पोफळी दिसतात.

बोरूबहाद्दर: खेडं म्हणजे देऊळ, चावडी, शीव असलेलं अख्खं गाव. हॅम्लेटला सहसा स्वतःचं चर्चसुद्धा नसतं. इथलं जुनं सॅक्सन चर्चही वर्थचंच. आमच्या वाडीतली माणसं पालखीला मूळ गावात जायची, तसंच. वाडीच लिहा ताई.

घाटावरची: सगळं कोकणातूनच का बघायचं? आमच्याकडे वस्ती म्हणतात.

शब्दखोर: हॅम म्हणजे घर-वस्ती, त्याला फ्रेंचांनी दोनदा लघुत्वाचा प्रत्यय लावला. वाडी आली वाटिकेवरून, म्हणजे बागच! पाडा मात्र 'पाटक'वरून, गावाचा भाग. तोच घ्या. (नाटकातल्या राजपुत्राशी याचा संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.)

घाटावरची: क्रॉलीच्या ससेक्स परगण्यात पाडा! पॅरिश चालतं, मग हॅम्लेटनेच काय घोडं मारलंय?

लंडनकर_अर्धा: मी थ्री ब्रिजेसला रोज गाडी बदलतो. नावातले तीन पूल रेल्वेचे असणार असं वर्षभर छातीठोक सांगत होतो. नाव निघालं रेल्वेच्या आधीचं, ओहोळांवरच्या पुलांचं! स्टेशन १८४१चं, हॉर्शमचा फाटा १८४८चा. १९४७ साली क्रॉली, आयफील्ड आणि थ्री ब्रिजेस मिळून नवनगर, म्हणजे आखून वसवायचं शहर, ठरवलं. त्यामुळे 'शहराने गिळलं' लिहू नका, तिघांचं मिळूनच शहर झालंय. रस्त्याच्या पाटीवर अजून नेबरहूडचं, म्हणजे शहरातल्या त्या त्या भागाचं, नाव असतं, प्रत्येकाचा रंग वेगळा.

बोरूबहाद्दर: नेबरहूडला 'पेठ' झकास बसेल.

शब्दखोर: पेठेत बाजार लागतो.

लंडनकर_अर्धा: दुकानांची रांग आहे की प्रत्येकात! शाळाही.

घाटावरची: चार दुकानं म्हणजे पेठ? मग आमचा एसटी स्टँडही पेठ.

ओहोळकाठ: अहो, लेख उद्या द्यायचाय. वाडी की खेडं?

बोरूबहाद्दर: ते झालंच की वर. पण शब्दखोर, पुण्यातल्या किती पेठांत आज बाजार लागतो, ते सांगा आधी.