फिजिकल आणि व्हर्च्युअल टर्मिनल सर्व्हर एकाच क्लस्टरमध्ये ठेवावेत का?

प्रश्न:
आमच्याकडे विंडोज सर्व्हर २०१९ वर चालणारे दोन फिजिकल टर्मिनल सर्व्हर (ज्यांवर अनेक जण दुरून लॉगिन करून काम करतात) असून त्यांवर सुमारे ६० जण दिवसभर लेखा-प्रणाली वापरतात. दुसऱ्या ठिकाणी हायपर-व्हीचा (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारी प्रणाली) एक होस्ट, म्हणजे यजमान संगणक, मोकळा आहे. तिथे दोन व्हर्च्युअल टर्मिनल सर्व्हर उभे करून चौघांचे एक फेलओव्हर क्लस्टर (एक बंद पडला की दुसरा त्याचे काम घेईल अशी जोडणी) करावे, म्हणजे मुख्य जागेची वीज गेली तरी वापरकर्त्यांचे उघडे काम दुसरीकडे जसेच्या तसे चालू राहील, असा माझा विचार आहे. यात काही अडचण आहे का?

उत्तर १:
फिजिकल आणि व्हर्च्युअल सर्व्हर एकत्र ठेवण्यात अडचण नाही; अडचण 'जसेच्या तसे' या शब्दांत आहे. वापरकर्त्याचे सेशन, म्हणजे त्याने उघडलेले प्रोग्रॅम आणि जतन न केलेले काम, ज्या सर्व्हरवर ते सुरू झाले त्याच्याच मेमरीत असते आणि त्याची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर तयार होत नसते. त्यामुळे सर्व्हर बंद पडला की सेशन गेलेच, मग क्लस्टर कोणतेही असो. टर्मिनल सर्व्हरसाठी फेलओव्हर क्लस्टर करत नाहीत. कनेक्शन ब्रोकरच्या (वापरकर्त्यांना सर्व्हर वाटून देणारी सेवा) हाताखाली त्यांचे एक कलेक्शन, म्हणजे गट, करतात आणि वापरकर्ता पुन्हा लॉगिन करतो तेव्हा ब्रोकर त्याला चालू असलेल्या सर्व्हरकडे पाठवतो. कलेक्शनमधील सर्व सर्व्हरवर विंडोजची आवृत्ती एकच ठेवावी, आणि व्हर्च्युअल सर्व्हरची क्षमता कमी असेल तर त्यांचे रिलेटिव्ह वेट (नव्या सेशनमधला वाटा) कमी ठेवून सेशनच्या संख्येवरही मर्यादा घालावी.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण टर्मिनल सर्व्हर हा या मांडणीतला सर्वांत सोपा भाग आहे. ब्रोकर एकच असेल आणि तोही मुख्य जागेत असेल, तर दुसरीकडचे दोन्ही सर्व्हर धडधाकट असूनही त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचणार नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून एकापेक्षा जास्त ब्रोकर एकाच वेळी चालवता येतात, मात्र त्यांना सामाईक एसक्यूएल डेटाबेस लागतो. तो डेटाबेस मुख्य जागेतच ठेवला तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

प्रोफाइल डिस्कबाबतही (वापरकर्त्याच्या सेटिंग्ज आणि फाइली ठेवणारी डिस्क-फाइल) सावध राहा. वापरकर्ता लॉगिन असेपर्यंत त्याची डिस्क-फाइल उघडी असते, आणि डीएफएस रेप्लिकेशन (फाइलींच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारी विंडोजची सोय) उघड्या फाइली पाठवत नाही. म्हणजे दुपारी वीज गेली तर पलीकडे मिळणारी प्रत फार तर आदल्या लॉगऑफची असेल.

प्रश्नकर्ता:
मग टर्मिनल सर्व्हरऐवजी ब्रोकर आणि प्रोफाइल डिस्क ठेवणारा फाइल सर्व्हर हे व्हर्च्युअल करून हायपर-व्ही रेप्लिकाने (व्हर्च्युअल सर्व्हरची प्रत ठराविक वेळाने दुसऱ्या होस्टवर पाठवणारी सोय) पलीकडे पाठवले तर चालेल का?

उत्तर ३:
चालेल, आणि आपल्या आकाराच्या व्यवस्थेला तेच परवडेल. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून रेप्लिकाची वारंवारता ३० सेकंद, ५ मिनिटे किंवा १५ मिनिटे ठेवता येते. लेखा-प्रणालीच्या डेटाबेसचीही प्रत पलीकडे हवी, नाहीतर लॉगिन होईल आणि काम काहीच होणार नाही.

एक अनुभव सांगतो. आम्ही चाचणी म्हणून एका फिजिकल सर्व्हरची नेटवर्क केबल काढली. पडद्यावर पुन्हा जोडणीचे प्रयत्न मोजणारी खिडकी आली आणि बराच वेळ हललीच नाही, कारण जुने सेशन अजून जिवंत आहे असे समजून ब्रोकर वापरकर्त्याला त्याच मृत सर्व्हरकडे पाठवत होता. सर्व्हर नीट शटडाउन करून घेतलेल्या आधीच्या चाचणीत हे दिसलेच नव्हते, म्हणून चाचणी केबल काढूनच घ्यावी.

लायसन्स सर्व्हरही (टर्मिनल सर्व्हर वापरण्याचे परवाने देणारा) विसरू नका. नव्याने उभ्या केलेल्या टर्मिनल सर्व्हरला लायसन्सशिवाय चालण्याची १२० दिवसांची सवलत असते, त्यामुळे पहिल्या महिन्यातली चाचणी लायसन्स सर्व्हर बंद असतानाही यशस्वी होते आणि सहा महिन्यांनी खरी वेळ आली की लॉगिनच नाकारले जाते.