मदत हवी आहे: फ्रिज चार दिवस बंद होता, लोराझेपाम वापरायचं की टाकायचं?

प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातलं 30 खाटांचं रुग्णालय. मे महिन्यात औषधांचा फ्रिज चार दिवस बंद, खोली दुपारी 38 अंशांवर. आत लोराझेपामचे (फिटचे झटके थांबवणारं इंजेक्शन) 2 मिग्रॅ/मिलीचे 24 ॲम्प्यूल, खोक्यातच. गुंगी आणणारं मिडाझोलामही तिथेच. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाच्या दोन व्हायल (बाटल्या) मागे बर्फाच्या कप्प्याला टेकून त्याआधीच गोठल्या होत्या. आता सगळं स्वच्छ दिसतंय. काय ठेवावं?

उत्तर

प्रोपोफॉलचा निर्णय सोपा आहे: गोठलेल्या दोन्ही व्हायल बाद. ते सोयाबीन तेल आणि अंड्याच्या लेसिथिनचं इमल्शन आहे, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब. गोठलं की तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि वितळल्यावर ते दुधासारखं दिसलं तरी मोठे थेंब डोळ्यांना दिसतीलच असं नाही. शिरेतून ते फुप्फुसात अडकू शकतात. याच कारणाने त्यात लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) मिसळून तासन्‌तास ठेवू नये. प्रोपोफॉलला फ्रिज लागतच नाही.

मिडाझोलामलाही नाही. त्याचं द्रावण मुद्दाम आम्ल, पीएच 3 च्या आसपास ठेवलेलं असतं. त्यामुळे ते पाण्यात विरघळलेलं राहतं. बंद ॲम्प्यूल चार दिवसांच्या उन्हाळ्यात बिघडत नाही. खरा धोका उजेडाचा, म्हणून खोक्यातच ठेवा. सोडियम बायकार्बोनेटच्या लाइनमध्ये मात्र सोडू नका, साका बसतो.

लोराझेपाम मात्र नाजूक. लेबलवर 2 ते 8 अंश लिहिलंय ते उगीच नाही. रुग्णवाहिकांतल्या साठ्यासाठी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात काचेच्या सिरिंजमध्ये ठेवलेल्या लोराझेपाममध्ये 210 दिवसांनंतर फ्रिजमध्ये घट नव्हती, 15 ते 30 अंशांत सुमारे 10 टक्के, आणि 37 अंशांत तब्बल 75 टक्के. म्हणजे चार दिवसांत औषध संपलं असं नाही, पण उष्णतेचं नुकसान साठत जातं आणि परत थंड केल्याने ते भरून निघत नाही. स्वच्छ दिसणं हा पुरावा नाही. ताकद घटली तरी रंग तसाच राहू शकतो. झटके थांबवताना कमी ताकदीचा डोस गेला तर वेळ हातातून जातो. म्हणून खोकं वेगळं काढा, वर 'वापरू नये' आणि तारखा लिहा, बॅच क्रमांक देऊन उत्पादकाला तापमान व तास कळवा. लेखी होकार येईपर्यंत नवा साठा वापरा.

टाकायचं ठरलं तर बेसिनमध्ये ओतू नका. लोराझेपाम एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं: रजिस्टरात नोंद, दोन सह्या, मग रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीचा मार्ग.

पुढचा प्रश्न

थंड लोराझेपाम सिरिंजमध्ये ओढताना फार घट्ट लागतं. सकाळीच पातळ करून ठेवलं तर?

उत्तर

नको. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये असतं. पातळ करून ठेवल्यास स्फटिक पडू शकतात. देण्याच्या अगदी आधी तेवढ्याच सलाइनमध्ये मिसळा, हळूहळू उलटसुलट करा, हलवून फेस आणू नका. वेग मिनिटाला 2 मिग्रॅपेक्षा जास्त नको.

आणि फ्रिजसाठी कमाल-किमान तापमापक घ्या, मधल्या कप्प्यात ठेवा, दिवसातून दोनदा वाचून तापमापक रीसेट करा. दारात आणि बर्फाच्या कप्प्याजवळ औषध नको. लसींच्या आयएलआरमध्ये (बर्फाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये) जागा दिसली तरी तिथे हे ठेवू नका, तो फक्त लसींसाठी आहे.