फोन बाजूला ठेवला तरी अभ्यासात लक्ष लागत नाही, काय करू?

प्रश्न:
परीक्षेला दोन महिने राहिलेत. रोज ठरवून बसतो की आज सहा तास करायचेच, आणि संध्याकाळी हिशोब केला की खरा अभ्यास जेमतेम दीड तास. फोन सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवतो, एक परिच्छेद वाचतो, तोच परत वाचतो आणि तिसऱ्यांदा वाचताना कळतं की डोळे ओळींवरून फिरतायत पण डोकं भलतीकडेच आहे. काल तर फोन चक्क बंद केला तर अर्धा तास पेनं तपासत बसलो, कुठलं चालतं कुठलं नाही 😅 25 मिनिटांचा टायमर लावून पाहिला, तीन दिवस टिकला. कोणाला काही जमलंय का?

उत्तर १:
पालथा ठेवून काही होत नाही रे, खोलीबाहेर ठेव. 2017 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता, फोन सगळ्यांचे सायलेंटवर, पण काहींचे टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी टेबलवाल्यांपेक्षा चाचण्या चांगल्या सोडवल्या. नंतर सगळ्यांनाच तसे निकाल मिळाले नाहीत म्हणा, पण करून बघायला काय जातंय.

उत्तर २:
पेनांचं वाचून हसलो, कारण माझं सेम होतं. फोन नसला की पेनं, पेनं नसली की नखं कापायची आठवण. मी एकदा वैतागून वहीच्या कडेला रेघा मारायला लागलो, उठावंसं वाटलं की एक रेघ. दिवसभरात 11 रेघा आणि त्यातल्या 8 एकट्या इंटिग्रेशनच्या पानांवर! इतके दिवस मी फोनच्या नावाने बोटं मोडत होतो आणि खरी भानगड ही की त्रिकोणमितीची सूत्रंच पाठ नव्हती, त्यामुळे दुसऱ्या तिसऱ्या स्टेपला अडकायचो आणि अडकलो की पळायचो. दोन दिवस नुसती सूत्रं घोटली, मग गणितं सुटायला लागली. तू पण बघ, नेमका कुठे उठतोस ते.

उत्तर ३:
वरच्याशी सहमत. टायमरबद्दल एवढंच सांगते की 25 हा काही शास्त्रात लिहिलेला आकडा नाही. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरून ते सुरू केलं, म्हणून या पद्धतीचं नाव पोमोडोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. मला गणितात जरा तंद्री लागते न लागते तोच तो वाजायचा, इतकी चिडचिड व्हायची. आता 50 मिनिटं बसते आणि 10 मिनिटं पाय मोकळे करते. त्या दहा मिनिटांत रील्स नाहीत हां, दहाची चाळीस कधी होतात कळत नाही.
आणि तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचूच नकोस. पुस्तक मिटव आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. हात चालू असला की डोकं पळून जाऊ शकत नाही.

प्रश्नकर्ता:
आज रेघा मारल्या. 9 झाल्या, पैकी 6 एकाच धड्यात आणि तो धडा ज्याच्यावर उभा आहे तो मागचा मी पूर्ण सोडून दिला होता 🤦 उद्या आधी तो काढतो. फोन बाहेरच्या खोलीत आहे, हे लिहायला म्हणून आणलाय. पेनं सगळी चालतायत, एक सोडून.